स्वच्छता गुणांकन आणि कोरी नोंदवही

महोदय,

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील खाद्यव्यावसायिकांना मिळणारे ० ते ५ हे स्वच्छता गुणांकन चवीचे नसून अन्नहाताळणी, जागेची अवस्था आणि व्यवस्थापनावरील विश्वास (म्हणजे मालक रोज नियम पाळतो, याची तपासनिसांना वाटणारी खात्री) या तीन बाबींचे असते. माझ्या मते तिसरी बाबच सर्वाधिक दुर्लक्षित राहते: भिंती चकचकीत असतात, पण फ्रिजच्या तापमानाची नोंदवही कोरी असते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, आठवड्याभराच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत उरकलेल्या दिसतात. गुण वाढवायचे असतील तर रंगरंगोटीआधी ही वही रोजच्या रोज भरावी आणि त्रुटी दूर करून पुनर्तपासणी मागावी. वेल्समध्ये २०१३ पासून गुणांकन दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. इंग्लंडमधील न लावण्याची मुभाही आता काढून घ्यावी.

– एक वाचक