वायर धरणाऱ्यांना, स्कोप धुणाऱ्यांना

ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांवर केला जाणारा उपचार) कक्षातले तंत्रज्ञ, सिस्टर, ब्रदर, मामा आणि मावशी यांना,

सप्रेम नमस्कार.

कावीळ उतरली की पेढ्यांचा बॉक्स डॉक्टरांच्या केबिनमध्ये येतो. रिपोर्टवर सही आमची, डिस्चार्ज कार्डावर नाव आमचं. पित्तनलिकेतला खडा निघत होता तेव्हा वायर कुणाच्या बोटांत होती, पुढच्या पेशंटच्या पोटात जाण्याआधी तोच स्कोप, म्हणजे दुर्बीण, कुणी घासला, हे त्या कागदांवर कुठेच येत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. मोघम आभार मानण्यापेक्षा कशाकशाचे ते नीट सांगतो, म्हणजे वाचणाऱ्या पेशंटना आणि नातेवाइकांनाही आत काय चालतं ते कळेल.

1968 साली अमेरिकेत विल्यम मॅक्यून आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून पॅपिलामध्ये, म्हणजे या नलिका आतड्यात उघडतात त्या छोट्या उंचवट्यात, नळी घालून डाय (एक्स-रेवर दिसणारं द्रावण) सोडला, तेव्हा हवं होतं ते फक्त एक्स-रेवरचं चित्र. 1974 मध्ये जर्मनीत एर्लांगेनला क्लासेन आणि डेमलिंग यांनी, आणि जपानमध्ये कावाई यांनी, पॅपिलाचा स्नायू आतून कापला, आणि तपासणीचं ऑपरेशन झालं. आज चित्रापुरतं काम एमआरसीपी (या नलिकांचा एमआरआय) आणि एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकावरून पोटाच्या आतून केलेली सोनोग्राफी) करतात. ईआरसीपीच्या टेबलावर येणारा पेशंट बहुतेक वेळा उपचारासाठीच येतो, आणि हा उपचार दोन हातांचा नाही, चार हातांचा आहे.

डायच्या सिरिंजपासूनच सुरू करू. खड्याची शंका असेल तर तुम्ही डाय निम्मा सलाईन घालून पातळ करता, कारण दाट डायमध्ये बारीक खडे बुडून दिसेनासे होतात. नलिका आवळलेली असेल तेव्हा तोच डाय न मिसळता देता. सिरिंज उभी धरून टिचकी मारून हवा काढणं आणि कॅथेटर टोकापर्यंत डायने भरूनच आमच्या हातात देणं, याचे आभार वेगळे मानायला हवेत. हवेचा बुडबुडा स्क्रीनवर हुबेहूब खड्यासारखा गोल दिसतो. टेबल तिरकं केलं की बुडबुडा वर सरकतो आणि खडा खाली, हे खरं. पण आत बुडबुडा गेलाच नाही तर ती कसरत करावीच लागत नाही.

आता वायर. ड्युओडिनोस्कोपचा, म्हणजे ईआरसीपीच्या दुर्बिणीचा, कॅमेरा समोर नव्हे, बाजूला बघतो. त्याच्या 4.2 मिलिमीटरच्या चॅनलमधून स्फिंक्टरोटोम, म्हणजे टोकाशी कापणारी तार असलेली नळी, जातो आणि त्याच्या पोटातून 0.025 किंवा 0.035 इंचाची, बहुतेकदा 450 सेंटिमीटर लांबीची गाइडवायर, म्हणजे नळ्यांना वाट दाखवणारी बारीक तार. आम्ही स्फिंक्टरोटोमचं टोक पॅपिलावर साधारण अकरा वाजण्याच्या दिशेने टेकवतो. पुढची वायर ढकलता तुम्ही. वायर आत कुठे चालली आहे हे आमच्या डोळ्यांआधी तुमच्या बोटांना समजतं. सहज सरकणं, किंचित अडणं आणि टोक वळून गोळा होणं, हे तिन्ही वेगवेगळे लागतात. "सर, मणक्यावरून जातेय," एवढं तुम्ही म्हणालात की पुरे. यकृताच्या दिशेने वर जाण्याऐवजी मणका ओलांडून डावीकडे निघालेली वायर म्हणजे ती स्वादुपिंडाच्या नलिकेत शिरली आहे. तिथल्या एखाद्या बारीक फांदीत टोक वळलं असताना कुणी जोर लावला, तर पेशंटला आठवडाभर स्वादुपिंडाची सूज भोगावी लागू शकते. हात तिथेच थांबवून तुम्ही ते टाळता.

मोजणीही तुमचीच. पॅपिलाला पाचाहून जास्त वेळा टोचलं, पाच मिनिटं उलटली, किंवा नको असताना वायर एकाहून जास्त वेळा स्वादुपिंडात गेली, की ते काम अवघड धरायचं आणि पद्धत बदलायची, असा युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेचा निकष आहे. स्कोप हातात असलेल्या माणसाला पाच मिनिटं दोनच वाटतात. घड्याळाकडे बघून वरिष्ठांना "वेळ झाली" म्हणायला धीर लागतो. तो दाखवल्याबद्दल धन्यवाद, आणि ज्या खोलीत असं बोललेलं चालत नाही, त्या खोलीतल्या डॉक्टरांनी हा परिच्छेद परत वाचावा.

वायर एकदा पित्तनलिकेत बसली की खरी परीक्षा अदलाबदलीची. स्फिंक्टरोटोम काढून बलून (खडा ओढून काढायचा फुगा) घालायचा आहे: आम्ही जेवढं बाहेर ओढतो तेवढीच वायर तुम्ही आत देता, आणि स्क्रीनवर वायरचं टोक जागचं हलत नाही. दोघांपैकी एकजण घाई करतो तेव्हा वायर निसटते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं, तेही एव्हाना सुजलेल्या पॅपिलावर. साडेचार मीटर वायर जमिनीला लागू न देता गुंडाळून धरायची आणि सलाईनच्या ओल्या गॉजने पुसत राहायची, कारण डाय वाळला की ती चिकट होऊन अडते. बघणाऱ्याला हे काहीच वाटत नाही.

कापताना हँडल किती आवळायचं तेही तुमच्याकडे. स्फिंक्टरोटोमची कापणारी तार जास्त ताणली किंवा जास्त आत राहिली तर काप एका झटक्यात लांब जातो, आणि मग रक्तस्राव नाहीतर आतड्याला छिद्र. म्हणून त्या तारेचा फक्त पुढचा भाग आत ठेवायचा, काप तुकड्यातुकड्याने पुढे न्यायचा. ती तार विजेवर कापते, म्हणून वीज परत नेणारी पेशंटच्या मांडीवरची प्लेट कोरड्या त्वचेवर पूर्ण चिकटली आहे ना, हे तुम्ही आधीच बघितलेलं असतं. अर्धवट चिकटलेल्या प्लेटखाली त्वचा भाजते. रक्त आलंच तर ॲड्रेनॅलिनची 1 मिलिलिटरची ॲम्प्यूल 9 मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून, लेबल लावलेली सिरिंज तयार असते.

बास्केट (खडा पकडायची तारांची जाळी) अडकण्याचा प्रसंग क्वचित येतो, पण येतो तेव्हा खोलीतला आवाजच बदलतो. मोठा खडा बास्केटमध्ये पकडला, तो पॅपिलातून बाहेर येईना आणि बास्केट खडा सोडेना. अशा वेळी हँडल कटरने कापायचं, प्लास्टिकचं आवरण काढायचं, बास्केटच्या तारा तशाच ठेवून स्कोप बाहेर घ्यायचा, त्या तारांवरून धातूचं कॉइल एक्स-रेखाली खड्यापर्यंत सरकवायचं आणि चाक फिरवत खडा फोडायचा. ही सगळी कृती आपत्कालीन लिथोट्रिप्टर, म्हणजे खडा फोडायचं हे साधन, कुठल्या कपाटात आहे आणि कटर चालतो का, यावर उभी असते. ते कपाट सकाळी केस सुरू व्हायच्या आधी उघडून बघणाऱ्यांचे आभार.

एंडोस्कोपिक सोनोग्राफीत सुईचा नमुना हाताळणंही तुमच्याकडेच. 22 गेजच्या सुईतून आलेला पांढरा दोऱ्यासारखा तुकडा फॉर्मालिनमध्ये, थेंब स्लाइडवर. स्लाइड हवेत वाळवायची की अल्कोहोलमध्ये बुडवायची, हे आपल्या पॅथॉलॉजिस्टला आधी विचारून ठेवलेलं असलं की सुई दुसऱ्यांदा टोचावी लागत नाही.

आता मामा आणि मावशींकडे वळतो, कारण या पत्राचं मोठं देणं त्यांचंच आहे.

ड्युओडिनोस्कोपच्या टोकाशी एलिव्हेटर नावाची एक इवलीशी तरफ असते. तिच्यामुळेच वायर आणि नळ्या पॅपिलाकडे वळवता येतात. पित्त, रक्त आणि जंतू दडून बसायला तिच्या मागच्या सांदीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. अमेरिकेत याच सांदीतून औषधांना न जुमानणारे जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे गेले, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने इशारा दिला, की कंपनीच्या सूचना तंतोतंत पाळूनही या स्कोपमध्ये जंतू राहू शकतात. तिथे 2019 अखेर एकदा वापरून टाकून द्यायच्या ड्युओडिनोस्कोपला मान्यता मिळाली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो परवडणारा नाही. आपल्याकडे भिस्त तुमच्या ब्रशवर.

म्हणून स्कोप तोंडातून बाहेर येताच, टेबलापाशीच, तुम्ही तो पुसता आणि चॅनलमधून द्रावण ओढून घेता. पित्त आणि रक्त एकदा वाळलं की जंतूंचा चिकट थर बसतो आणि मग कुठलंही रसायन आत पोचत नाही. ग्लुटरअल्डिहाइड हे जंतुनाशक तर प्रथिनं जागच्या जागी घट्ट करतं, त्यामुळे न घासता बुडवलेला स्कोप हा नुसता बुडवलेला स्कोप असतो, स्वच्छ स्कोप नव्हे. मग लीक टेस्ट: पाण्यात बुडबुडे दिसले तर तो स्कोप त्या दिवशी बाद, कितीही मोठी यादी असो. मग एंझाइमचं द्रावण. एलिव्हेटर वर करून ब्रश, खाली करून ब्रश, मागून, बाजूने. चॅनलमधला ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत. त्यानंतरच 2 टक्के ग्लुटरअल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं. कॅनवर 14 दिवस लिहिलेले असतात, पण द्रावण रोज पातळ होत जातं. चाचणीपट्टीने नापास केलं तर सहाव्या दिवशीही तुम्ही ते ओतून देता आणि स्टोअरवाल्याची बोलणी खाता. खा. आम्ही तुमच्या बाजूने आहोत.

शेवटी फिल्टरच्या पाण्याने धुणं, कारण नळाच्या पाण्यातला स्यूडोमोनास नावाचा जंतू सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. मग 70 टक्के अल्कोहोल, किमान 10 मिनिटं दाबाची हवा, आणि बटणं काढून स्कोप उभा टांगणं. घाईच्या दिवशी सगळ्यात आधी वाळवण्याचा वेळ कापला जातो, आणि तो कापणारे बहुधा आम्हीच, दारातून "झालं का?" विचारणारे. "नाही झालं" हे उत्तर असंच देत राहा.

वॉर्डमधल्या सिस्टर, तुमच्याशिवाय आमचं अर्धं काम उघडं पडलं असतं. ईआरसीपीनंतर शंभरातल्या साधारण 3 ते 10 जणांना स्वादुपिंडाची सूज येते. ती टाळण्यासाठी 100 मिलिग्रॅमची डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथासिनची गुदद्वारातून द्यायची गोळी. किडनीचा आजार किंवा ॲलर्जी आहे का हे तुम्ही देण्याआधी फाइलमध्ये बघता. रात्री पेशंट पाठीकडे जाणारी कळ सांगतो तेव्हा "गॅस असेल" म्हणून अँटासिड न देता तुम्ही फोन करता. थंडी वाजून ताप, काळी शौच, वाढलेली नाडी, यातलं काहीही असलं तरी तो फोन येतोच. काप दिलेल्या जागेतून रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, हे घरी जाणाऱ्या नातेवाइकांना त्यांच्या भाषेत समजावणाऱ्याही तुम्हीच.

सी-आर्मपाशी, म्हणजे टेबलाजवळच्या एक्स-रे यंत्रापाशी, उभे राहणाऱ्यांनो, लेड ॲप्रन, थायरॉइड कॉलर, आणि किरणोत्सर्ग मोजणारा बॅज ॲप्रनच्या आत छातीवर, ड्रॉवरमध्ये नाही. हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. एक्स-रेच्या पायडलवरून पाय काढायची आठवणही तुम्हीच करता.

राहिलं स्टेंट रजिस्टर. 10 फ्रेंच मापाचा प्लास्टिक स्टेंट म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी, 3.3 मिलिमीटर जाडीची, पेनच्या रिफिलएवढी नळी. साधारण तीन महिन्यांत ती गाळाने भरते आणि काढावी किंवा बदलावी लागते. विसरली तर पुन्हा कावीळ, थंडीताप, कधी स्टेंटभोवतीच नवे खडे. म्हणून तारीख, मापं, पेशंटचा आणि घरातल्या आणखी एकाचा नंबर, असं सगळं रजिस्टरमध्ये लिहून तुम्ही महिन्याच्या महिन्याला फोन लावता. पलीकडून उत्तर येतं, "आता काही त्रास नाही हो, मग कशाला यायचं?" तुम्ही परत समजावता, पुढच्या आठवड्यात परत लावता. काही नंबर बंद झालेले असतात, काहीजण गावी गेलेले असतात. पुढच्या महिन्याच्या यादीत ज्यांचे फोन दोनदा लागले नाहीत ती नावं वेगळी काढून आमच्याकडे द्या. त्यांचा पाठपुरावा आता आम्ही करू.

आपले ऋणी,
स्कोप धरणारे तुमचे डॉक्टर