भिंतीला कलर मारून खोकला जात नाही

मा. संपादक, स.न.

सोलापुरात राहून ओलीबद्दल पत्र लिहितेय म्हटल्यावर कोणीपण म्हणेल, इथं मे महिन्यात 43-44 डिग्री तापतं, नळाला पाणी रोज येत नाही, मग तुमच्याच घरात ओल कुठून आली? मीपण दोन वर्षं हेच म्हणत होते.

आम्ही पूर्व भागात भाड्याने राहतो, दोन खोल्या. मुलगा सात वर्षांचा. मागच्या पावसाळ्यापासून रात्री दीड-दोनला त्याला खोकल्याची उबळ यायची, उठून बसायचा, छातीत शिट्टीसारखा आवाज, सकाळी शिंका. सिरपच्या बाटल्या झाल्या, अँटिबायोटिक दोनदा झालं, दही केळी आईस्क्रीम सगळं बंद केलं, शेजारच्या लूमची (यंत्रमागाची) धूळ येते म्हणून खिडकी पण बंद केली, आणि आता कळतंय की तीच मोठी चूक होती. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, पोरगं झोपतं तिथल्या भिंतीला ओल आहे का? घरी येऊन कपाट ओढलं. पलीकडे मोरी आहे, मोरीत पाण्याचे दोन बॅरल, पाणी साठवावंच लागतं ना. कपाटामागची भिंत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळी हिरवी, बोट लावलं तर मखमलीसारखं मऊ, बाजूचं कॅलेंडर काढलं तर मागची पानं भिंतीलाच चिकटून राहिली. कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या चादरींना जो कुबट वास यायचा तो याचाच. माझ्या पोराचं डोकं त्या भिंतीपासून हातभर अंतरावर होतं हो, रोज रात्री.

तेव्हापासून जे समजून घेतलं ते लिहिते. बुरशीचे बीजाणू डोळ्याला दिसत नाहीत, हवेत उडतात, श्वासातून आत जातात. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण ज्याला अॅलर्जी किंवा दमा आहे त्याचा त्रास वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावरच मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात पण हेच आहे, आणि इतकी बुरशी चालेल असा सुरक्षित आकडा त्यांनी दिलेला नाही, ओल काढा एवढंच सांगितलंय. कुठल्या जातीची बुरशी आहे ते तपासायला पैसे घालवायची गरज नाही. आणि 2021 मध्ये ब्लॅक फंगस म्हणून जे ऐकलं तो आजार वेगळा, तो जास्त करून शुगर वाढलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या पेशंटना झाला, भिंतीवर काळे डाग दिसले म्हणून तसं घाबरू नका. पण आमच्या भागात लूमवर, विडीच्या कामात आयुष्य गेलेली माणसं आहेत, कितीजणांना जुना टीबी झालेला. टीबीने फुप्फुसात पोकळी राहिली असेल तर तिच्यात बुरशीचा गोळा तयार होऊ शकतो आणि खोकल्यातून रक्त पडतं. माझ्या सासऱ्यांना टीबी होऊन गेलाय म्हणून आता मला त्यांचीपण काळजी.

कूलरचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. खिडक्या लावून रात्रभर कूलर चालू, तीच दमट हवा खोलीत फिरते, गवत गेल्या वर्षीचंच, टाकीत शेवाळ. कूलर लावला तर एक खिडकी उघडी पाहिजेच, आणि गवत दरवर्षी बदला.

भिंतीवर पांढरा लोणा फुटतो तो क्षार असतो, बुरशी नाही, पण तिथं ओल आहे हे मात्र नक्की. बुरशी कोरड्या झाडूने खरवडू नका, सगळी हवेत उडते. तोंडाला मास्क लावून डिटर्जंटच्या पाण्याने पुसा, लगेच कोरडं करा. ब्लीच आणि संडासचं अॅसिड एकत्र तर अजिबात नको, विषारी वायू होतो. गादी आतून बुरशीली असेल तर ती टाकावीच लागते, जीवावर आलं तरी.

आणि कलर. घरमालकाला सांगितलं तर दोनदा माणूस पाठवून डिस्टेंपर मारला, दीड महिन्यात खपल्या पडून डाग परत वर. मोरीतला पाईप गळत होता तो कोणी बघितलाच नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब नावाचं दोन वर्षांचं लेकरू डिसेंबर 2020 मध्ये बुरशीच्या घरात राहून दगावलं, त्याच्या वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांनापण वरून रंग मारा म्हणूनच सांगितलं होतं. तिथं आता त्याच्या नावाचा कायदा झालाय, ऑक्टोबर 2025 पासून सरकारी आणि संस्थांच्या भाड्याच्या घरांना तो लागू आहे, ओलीची तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत बघावीच लागते. ते वाचून मी त्या रात्री झोपले नाही.

आपल्याकडे कायदा कधी होईल तो होईल, पण पोराच्या खोकल्याला तिसरं सिरप लिहायच्या आधी डॉक्टरांनी भिंतीचं विचारावं, आशाताई घरी येतात त्यांनी कपाटामागे एक नजर टाकावी, आणि भाड्याची खोली घेताना डिपॉझिट द्यायच्या आधी मोरीची पलीकडची बाजू हात लावून बघा, नवीन कलरचा वास आला तर दोनदा बघा.

आमचा पाईप आता बदलला, अर्धे पैसे आम्हीच भरले. प्लास्टर काढलंय, भिंत अजून वाळतेय, पलंग दुसऱ्या खोलीत नेलाय. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप (इनहेलर) दिलाय, सवय लागेल असं वाटून मी आधी नको म्हणत होते, आता वेळेवर देते. गेल्या आठवड्यात पोरगं पाच रात्री सलग झोपलं.

एक आई, पूर्व भाग, सोलापूर