बियांच्या पट्ट्यावरचं साल वाचून दिलंत, काका

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला चालणार नाही माहितीये. एवढंच सांगतो की तुम्ही फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे होता आणि थ्री नॉट थ्री रायफल तुम्ही अंधारात खोलून परत जोडू शकता.

मागच्या दिवाळीच्या आधी गावच्या घराची कौलं उतरवली तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत बोटाएवढी एक पितळी बाटली, टोकाला पितळी वजन असलेली दोरी आणि पाच कप्प्यांचा खाकी कापडी पट्टा मिळाला. पट्टा आजीचा बियाणं ठेवायचा, एका कप्प्यात अजून वालाच्या बिया होत्या, आणि बाटलीतून ती शिलाई मशीनला तेल घालायची. घरात सगळे सांगायचे की हे पणजोबांचं, पहिल्या महायुद्धातलं, मेसोपोटेमियातलं (आताचं इराक), 1916 चं. मी फोटो पाठवले तर तुमचा पहिला प्रश्न, "ट्रंकेत काडतूस आहे का? असलं तर हात लावू नको, आधी पोलीस ठाण्यात कळव." नव्हतं. मग तुम्ही समजावलंत की 303 बोअर, म्हणजे थ्री नॉट थ्रीचा, आपल्यासारख्यांसाठी प्रोहिबिटेड, म्हणजे बंदी असलेला आहे, रायफलच्या मागे लागू नको, तिच्या सोबतच्या वस्तू जमव आणि त्या वाचायला शिक.

आणि वाचायला शिकवलंत कसं! ती दोरी म्हणजे फुलथ्रू, नळी साफ करायची, आणि ती बाटली तेलाची, दोन्ही रायफलच्या दस्त्याच्या पोटात राहायचे, मागच्या पितळी पट्टीतलं छोटं झाकण उघडलं की हातात. फुलथ्रूच्या फासात चार बाय दोन इंचाची चिंदी अडकवायची, वजन नळीत सोडायचं आणि एका दमात ओढायचं. बाटलीचं झाकण फिरवलं तर आतून एक बारीक चमचा निघाला, मला इतके दिवस माहीतच नव्हतं तो आहे! चमच्याने थेंब थेंब तेल बोल्टवर घालायचं. बुडाशी बाण आणि त्याखाली आय, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल. पण मी तोवर बाटलीची एक बाजू चिंचेने घासून लख्ख केली होती आणि तिकडची बारीक अक्षरं पार पुसट झाली. तुम्ही त्या दिवशी चांगलेच रागावलात, "दीडशे वर्षं जुनं असो नाहीतर पन्नास, घासायचं नाही, मऊ फडकं आणि हलकं तेल, बस." अजून वाईट वाटतं त्याचं.

मग पट्टा. तुम्ही म्हणालात उन्हात तिरका धर आणि फोटो काढ. पंधरा-वीस फोटो काढले तेव्हा एका कप्प्यावर पुसट शाई दिसली, मार्क 7, म्हणजे गोळीचा प्रकार, आणि खाली 1943. प्रत्येक कप्प्यात पाच-पाच गोळ्यांच्या दोन क्लिपा, पाच कप्पे म्हणजे पन्नास गोळ्या. खरं तर गोळ्या वाटायचं पॅकिंग ते, रिकामं झालं की टाकून द्यायचं, पण शेतकऱ्याच्या पोराने घडी घालून घरी आणलं. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "1943 नंतर तुमच्या घरातून फौजेत कोण होतं?"

पणजोबा तर तेव्हा म्हातारे होते. मी आत्याला विचारलं तर ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, आप्पा. आजोबांचे धाकटे भाऊ, मराठा पलटणीत होते, इटलीत जाऊन आले, लढाईचं कधी कुणाशी बोलले नाहीत, लग्न नाही केलं, लवकर गेले. घरात त्यांचा एकही फोटो लावलेला नाही. मला तर त्यांचं नावही ऐकून माहीत नव्हतं काका.

मी लगेच म्हटलं मग हा आप्पांचाच पट्टा! तेव्हा तुम्ही थांबवलंत. "शिक्का पट्टा कधी बनला ते सांगतो, कुणाच्या खांद्यावर होता ते नाही सांगत." दुसरा कुणी असता तर मला खूश करायला हो म्हणाला असता. तुम्ही वहीत "1943 नंतर, बहुतेक आप्पा" असं लिहायला लावलंत आणि बाटलीपुढे "साल माहीत नाही". पणजोबांची म्हणून नाही, आप्पांची म्हणूनही नाही.

ती भिंतीवर लावायची जुनी बंदूक घेण्यापासूनही तुम्हीच वाचवलंत. दुकानदार म्हणत होता अस्सल 1857 ची एनफिल्ड, म्हणजे इंग्रजांची जुनी बंदूक आहे, मी ॲडव्हान्स द्यायला निघालो होतो. तुम्ही फोटो मोठा करून दाखवलात, एनफिल्ड शब्दातला एन उलटा आणि अक्षरं वरखाली, हाताने कोरलेली. थ्री नॉट थ्री कशी ओळखायची तेही तेव्हाच शिकलो, बोल्टच्या मागे दस्ता बसतो त्या सॉकेटवर उजवीकडे मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल, मार्क, आणि इशापूरची असेल तर जी आर च्या पुढे आय. काडतुसाच्या बुडावर के एफ म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचं, हे सांगताना तुमचा आवाज केवढा खुलला होता!

आत्याने परवा ट्रंकेच्या तळाशी चिकटलेला एक फोटो सोडवून काढला, आप्पा गणवेशात, बाजूला दोन मित्र. मोठा करून लावलाय, पणजोबांच्या शेजारी.

बाटलीच्या झाकणातलं चामड्याचं वॉशर पार वाळलंय, ते दाखवायला रविवारी येतोय. काकूंना सांगा, वालाच्या बिया पण आणतोय, कप्प्यातल्या नाही, यंदाच्या.

तुमचा,
आप्पांचा नातू