‘जिभेवर ताबा नाही’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,

स्थूल बाईने दोन घास जास्त खाल्ले की ‘जिभेवर ताबा नाही’ हे ठरलेले वाक्य येतेच. (पुरुषांच्या वाट्याला ते क्वचित!) पण भूक शरीरही ठरवते. चरबीतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) मेंदूला ‘पुरे’ असे कळवते. स्थूलतेत ते भरपूर असते, पण मेंदू दाद देत नाही. त्यात कडक डाएटने वजन उतरले की जठरातले भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते. तीन महिने, आठवड्यातून एकदा तरी, भूक नसतानाही अनावर खाणे आणि मागाहून शरम वाटणे हा ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ नावाचा आजार असू शकतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. मानसोपचारांनी तो आटोक्यात येतो. डाएटचा कागद हाती देण्याआधी ‘असे अनावर खाणे होते का?’ एवढे तरी डॉक्टरांनी विचारावे.

– एक वाचक