फास्टएपीआय उभं करताना लूप अडवू नकोस

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार. तुमचं नवं ॲप फास्टएपीआय या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर करायचं ठरलं हे वाचून बरं वाटलं. सुरुवात अवघड नाही. पायथनचं वेगळं व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट (लायब्रऱ्यांची स्वतंत्र जागा) कर, त्यात फास्टएपीआय, ॲप चालवणारा सर्व्हर युव्हिकॉर्न, डेटाबेससाठी एसक्यूएलअल्केमी, पोस्टग्रेस डेटाबेसचा ड्रायव्हर असिंकपीजी आणि बाहेरच्या एपीआय बोलावायला एचटीटीपीएक्स टाक. युव्हिकॉर्न चालवलास की ८००० पोर्टवर ॲप सुरू होतं. डॉकरमध्ये, म्हणजे ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवताना, मात्र होस्ट ०.०.०.० दे, मूळचा १२७.०.०.१ राहिला तर कंटेनरबाहेरून ॲपपर्यंत पोचताच येत नाही.

खरं लक्ष ठेवायचं ते इव्हेंट लूपवर, म्हणजे आलेली कामं आळीपाळीने चालवणाऱ्या यंत्रणेवर. एका वर्करमध्ये (ॲपच्या एका प्रोसेसमध्ये) लूप एकच, आणि तो एका वेळी एकच काम हातात धरतो. 'अवेट'पाशी, म्हणजे उत्तराची वाट पाहायला, थांबायची वेळ आली की ते बाजूला ठेवून दुसरं उचलतो. आता 'असिंक डेफ' राउटमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या, लूपवरच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) अवेट न करता येणाऱ्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीने बाहेरची एपीआय बोलावलीस आणि तिने ३ सेकंद लावले, तर तेवढा वेळ त्या वर्करवरचं सगळं खोळंबतं, ॲप जिवंत आहे का हे पाहणारा हेल्थ चेकसुद्धा. एकट्याने टेस्ट करताना हे कळतच नाही. लोड वाढला की कळतं, आणि तेव्हा सीपीयू रिकामा दिसत असल्याने माणूस भलतीकडेच शोधत बसतो. तिथे एचटीटीपीएक्सचा असिंक क्लायंट हवा.

साधं 'डेफ' लिहिलेलं राउट फास्टएपीआय थ्रेडपूलमध्ये (लूपबाहेरच्या थ्रेडच्या संचात) चालवतं, त्यामुळे लूप अडत नाही. त्या पूलमध्ये मुळात ४० थ्रेड असतात. ज्या लायब्ररीला अवेट करता येत नाही, तिच्यासाठी बिनदिक्कत साधं डेफ ठेव. अर्धवट असिंकपेक्षा ते शंभर पटीने बरं. बीक्रिप्टने (मुद्दाम सावकाश चालणाऱ्या हॅशिंगने) पासवर्ड पडताळायचा असेल तर ते काम पायथनच्या असिंकआयओ लायब्ररीच्या 'टू थ्रेड'मधून वेगळ्या थ्रेडवर पाठव.

डेटाबेसचं इंजिन (कनेक्शन सांभाळणारा भाग) आणि एचटीटीपीएक्सचा क्लायंट लाइफस्पॅनमध्ये, म्हणजे ॲप सुरू-बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये, एकदाच बनव. डेटाबेसचं सेशन मात्र दर रिक्वेस्टला वेगळं, आणि ते 'गॅदर'ने एकाच वेळी चालवलेल्या दोन टास्कना वाटून देऊ नकोस. कमिटनंतर हातातला डेटा शिळा ठरवणारं 'एक्स्पायर ऑन कमिट' बंद ठेव, जोडलेल्या टेबलांचा डेटा 'सिलेक्ट इन लोड'ने आधीच आणून घे. नाहीतर नंतर नुसतं ॲट्रिब्यूट वाचायला गेलास तरी अवेटविना डेटाबेसकडे जायचा प्रयत्न होतो आणि 'मिसिंग ग्रीनलेट'ची एरर येते.

वर्कर वाढवण्याआधी एक हिशोब कर. एसक्यूएलअल्केमीच्या पूलमध्ये (डेटाबेस कनेक्शनांच्या साठ्यात) मुळात ५ कनेक्शन आणि वर १० जादा, म्हणजे वर्करमागे १५. पूल प्रत्येक वर्करचा वेगळा असतो. ८ वर्कर केलेस तर मागणी १२० पर्यंत जाते, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० ची. गर्दीच्या वेळीच कनेक्शन नाकारली जातील. तेव्हा पूल लहान कर. मर्यादा वाढवणं हा दुसरा उपाय.

स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) असिंकआयओचा डीबग मोड चालू करून लोड टेस्ट घे. लूपला १०० मिलिसेकंदांहून जास्त अडवणारं प्रत्येक काम लॉगमध्ये दिसेल. तो लॉग मला पाठव, आपण एकेक ओळ बघू.

तुझा,
शिरीष