नुसता आकडा देऊ नको, माय

माय,

काल तुझ्या प्रोजेक्टच्या खर्चाच्या अंदाजावरून फोनवर माझा आवाज चढला अन तू फोन ठेवला. तवापासून तुझी आई माझ्याशी नीट बोलंना. म्हणून लिहायलोय, उपदेश करायचा नाही हे आधीच ठरवलंय.

तू पाठवलेला एएसीईचा, म्हणजे त्या खर्चाचे अंदाज करणाऱ्यांच्या संस्थेचा, तक्ता वाचला. अंदाज किती पक्का त्यावर त्याचे पाच क्लास. आमच्या पीडब्ल्यूडीत पाच क्लास नव्हते, ढोबळ अंदाजपत्रकावर प्रशासकीय मान्यता, सविस्तरवर तांत्रिक मान्यता, बस. पण गोष्ट तीच. क्लास ५ म्हणजे सगळ्यात कच्चा, प्रोजेक्ट ठरलाय ० ते २ टक्के, अन प्रोसेस प्लांटला, म्हणजे रसायनाच्या कारखान्यासारख्या कामाला, खर्च वर ३० काय, १०० टक्क्यांपर्यंतबी जाऊ शकतो. तू दिलेला असला कच्चा आकडा तुझ्या साहेबानं मीटिंगमध्ये फायनल म्हणून सांगून टाकला. खाली नाव कुणाचं? तुझं.

अन तू म्हणतीस रात्री जागून बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी अन मापांची यादी, बारीक करते. अगं, ड्रॉइंग नाही, सॉइल रिपोर्ट नाही, मग शंभर पानं केली तरी तो क्लास ५च. क्लास ठरतो किती ठरलंय त्यावर, तू किती राबलीस त्यावर नाही. बजेट मंजूर करायला निदान क्लास ३ लागतो हे तुझ्याच तक्त्यात आहे की.

झालं, लेक्चर सुरू झालं. माफ कर. पण माझ्यासोबतच्या एका शाखा अभियंत्याचं डोळ्यासमोर येतं. प्लिंथ एरिया रेटनं, म्हणजे इमारतीच्या क्षेत्रफळाला ढोबळ दर लावून, साहेबानं घाईत अंदाज मागितला, त्यानं दिला. खोदलं तर काळी माती संपंना, मुरूम लागता लागंना, पाया खाली अन खर्च वर. चौकशी त्याच्यामागं लागली, आकडा मागणारे साहेब तवर बदली होऊन गेले होते. पेन्शन अडकली होती बिचाऱ्याची, त्याची बायको ऑफिसात येऊन बसायची.

उदगीरच्या आत्याला तुझं व्हिजिटिंग कार्ड दाखवलं, तिनं ते देवाजवळ ठेवलंय. मला तुझं कौतुक नाही असं समजू नको. तुझ्याएवढं बारीक काम मी तुझ्या वयात करत नव्हतो.

फक्त साहेबाला मेल टाक. खालचा, मधला, वरचा असे तीन आकडे, बाजूला क्लास, तारीख, काय धरलंय अन काय नाही. भांडू नको, लेखी दे. तोंडी बोललेलं नंतर कुणाला आठवत नसतं.

दादाचं अजून तसंच आहे, त्याचं तू डोक्यात घेऊ नको. जेवत जा वेळेवर.

तुझा,
पप्पा

ता.क. मेल टाकलास का तेवढं कळव. आईच्या फोनवर टाकलं तरी चालतंय.