ईव्हशमहून पत्र: ॲस्परॅगस, नवे बटाटे आणि बेकन

ईव्हशम, वुस्टरशर, इंग्लंड
१० मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रविवारी सहकाऱ्याच्या घरी जेवायला जातोयस आणि रोस्ट चिकनबरोबर खायला भाजीचं काहीतरी तू नेणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. अगदी वेळेवर विचारलंस. ॲस्परॅगस (शतावरीच्या कुळातले कोवळे हिरवे कोंब), नवे बटाटे आणि बेकन (डुकराच्या मुरवलेल्या मांसाचे काप) एकाच ट्रेमध्ये भाजून ने. इथे ॲस्परॅगसचा हंगाम परंपरेने २३ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी सुरू होतो आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आटोपतो. पुढे शेतकरी कोंब कापतच नाहीत. त्यांचा हिरवा पाला वाढला, तरच जमिनीतल्या मुळांत पुढच्या वर्षाची ताकद साठते. नव्या लागवडीला तर पहिली दोनेक वर्षं हातही लावत नाहीत. म्हणून जुडी महाग वाटली तरी हात आखडता घेऊ नकोस. आमच्या खोऱ्यात या भाजीचं केवढं कौतुक! जवळच्या ब्रेटफर्टन गावात ‘फ्लीस इन’ नावाचा जुना पब आहे, तिथे मे महिन्यात या जुड्यांचा चक्क लिलाव होतो.

जुडी इथल्याच शेतातली घे, पेरूहून आलेली नको. कापल्यापासून कोंबातली साखर भराभर कमी होत जाते, त्यामुळे गोडवा ताज्या मालातच असतो. शेंडे घट्ट मिटलेले हवेत, कापलेलं टोक ओलसर हवं. दोन कोंब एकमेकांवर घासून बघ, ताजे असतील तर करकर वाजतात. ओव्हनसाठी करंगळीएवढे जाड घे. बारीक कोंब बेकन कुरकुरीत व्हायच्या आत करपतात. खालचं टोक वाकवून मोडायची इथे पद्धत आहे, पण त्यात चांगला भागही जातो. मी बोटभर कापतो आणि खालची जून साल सोलाण्याने काढतो.

सोबत जर्सी रॉयल बटाटे घे. जर्सी बेटावरचे हे नवे बटाटे वसंतातच मिळतात. साल इतकी पातळ की नुसतं चोळून धुतलं की झालं. शिवाय थोडे लाल मुळे आणि कांद्याच्या पातीची एक जुडी. ओव्हनमध्ये मुळ्याचा तिखटपणा जातो आणि तो गोडसर, रसाळ होतो. ज्यांना मुळा आवडत नाही, तेही मागून घेतात.

आता बेकन. इथे लोक सकाळी खातात ते बहुतेक बॅक बेकन, पाठीकडचं. ते नको. तुला स्ट्रीकी पाहिजे, पोटाकडचं, चरबीच्या पट्ट्यांचं, आणि शक्यतो कोरडं मीठ चोळून मुरवलेलं. स्वस्त बेकनमध्ये पाणी भरलेलं असतं. तापलं की त्यातून पांढरट पाणी सुटतं आणि भाजी भाजायच्या ऐवजी शिजते. आणि बेकन ही या पदार्थातली भाजी नव्हे, फोडणी आहे. चार माणसांना दीडशे ग्रॅम पुष्कळ झालं. त्याची चरबी वितळून प्रत्येक फोडीला लागली पाहिजे, एवढंच त्याचं काम.

अर्धा किलो बटाटे दोन तुकडे करून दहा मिनिटं उकड, निथळू दे, वाफ पूर्ण जाऊ दे. ओव्हन २०० अंशांवर, पंख्याचा असेल तर १८०. बटाटे चमचाभर तेलात घोळवून मोठ्या ट्रेमध्ये कापलेली बाजू खाली करून पसर. पंधरा मिनिटांनी अर्धे चिरलेले मुळे आणि बेकनचे बोटभर तुकडे टाक. आणखी पंधरा मिनिटांत चरबी सुटते, बटाट्यांच्या कडा तांबूस होतात. मग ॲस्परॅगस आणि पात त्या चरबीत हलवून घे आणि शेवटची आठ-दहा मिनिटं दे. ट्रेमध्ये दाटीवाटी मात्र होऊ देऊ नकोस. फोडी एकमेकींवर चढल्या की सगळं वाफेवर मऊ पडतं. जागा कमी असेल तर दोन ट्रे कर.

मीठ चाखल्याशिवाय घालू नकोस, बेकनमध्ये भरपूर असतं. बाहेर काढल्यावर मिरपूड आणि अर्धं लिंबू. हे लिंबू विसरायचं नाही. तू म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या चोरीसवर, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजवर वाढलेला माणूस, डुकराच्या चरबीला आंबट का लागतं हे तुला सांगायला नको. तिथे ते काम व्हिनेगर करतं, इथे लिंबू.

घरून तयार करून नेऊ नकोस, गार झाल्यावर चरबी थिजते. बटाटे उकडून ने, बाकीचं चिरून डब्यात घे, आणि ‘चिकन विसावतंय तोवर ओव्हन मिळेल का?’ असं आधीच विचारून ठेव. बटाटे-मुळ्यांचा पहिला अर्धा तास चिकनबरोबर वरच्या कप्प्यात होऊन जाईल. टेबलावर डुक्कर न खाणारं कुणी आहे का, तेही आजच विचार. असेल तर त्यांच्यासाठी वेगळा छोटा ट्रे लाव, लोणी आणि लसणाचा, आणि त्याला चमचाही वेगळा ठेव.

कसं झालं ते रविवारी रात्रीच फोन करून सांग.

तुझा,
ईव्हशमचा मित्र